मोठ्या कुत्र्यासाठी ई-बाईकला ट्रेलर: आधी ब्रेक बघा, मग मोटर

प्रश्न थोडक्यात असा. म्युनिकमधल्या एका मराठी कुटुंबाची जिनी ही लॅब्राडोर कुत्री नऊ वर्षांची आहे, वजन ३४ किलो. मागच्या पायांच्या खुब्यात संधिवात सुरू झालाय, त्यामुळे लांबचं चालणं तिला झेपत नाही. घरात मिड-मोटरची, म्हणजे पेडलांपाशी मोटर असलेली ई-बाईक आहे: ६५ न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवायचा जोर), ५०० वॉट-तासांची बॅटरी, दोन्हीकडे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक. जिनीला ट्रेलरमध्ये बसवून इझार नदीच्या काठाने फिरवायचं आहे. मोटर एवढं ओझं ओढेल का, आणि ट्रेलर कोणता घ्यावा?

मी इथल्या एका सायकल वर्कशॉपमध्ये काम करतो. माझा ३८ किलोचा शेरूही ट्रेलरमधूनच फिरतो, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या वापरातला आहे. मोटर ओढेल, त्याची चिंता सोडा. तुमच्याकडे आहे त्याहून कमी ताकदीच्या मोटरीही सपाटीवर हे ओझं ओढतात. लोक मोटरीच्या आकड्यांवर तासन् तास चर्चा करतात आणि ब्रेक, एक्सल (चाकाचा आस), जोडणी या गोष्टी दुकानदारावर सोपवून मोकळे होतात. माझं सगळं लक्ष मात्र तिथेच असतं, कारण कुत्र्याला इजा होते ती तिथल्या चुकांमुळे.

आधी वजनाचा हिशेब करू. मोठ्या कुत्र्याचा बरा ट्रेलर रिकामा १५ किलोच्या आसपास भरतो. जिनी ३४. गादी, पाण्याची बाटली, वाडगा, पट्टा मिळून दोन किलो धरा. झाले ५१. जर्मनीच्या वाहतूक मंत्रालयाने १९९९ मध्ये सायकलमागच्या ट्रेलरसाठी एक मार्गदर्शक पत्रक काढलं होतं. त्यात ब्रेक नसलेल्या ट्रेलरसाठी एकूण ४० किलो आणि स्वतःचा ब्रेक असलेल्यासाठी ८० किलो अशी मर्यादा सुचवली आहे. एकूण म्हणजे ट्रेलरचं स्वतःचं वजन धरून. अनेक ई-बाईक कंपन्यांनी तेच आकडे आपल्या पुस्तिकेत घेतले आहेत. म्हणजे तुमच्यासारख्या कुठल्याही घरात, जिथे कुत्रा २५ किलोच्या वर आहे, तिथे साधा ट्रेलर लावला की ही रेघ ओलांडली जाते, आणि बहुतेकांना त्याचा पत्ताही नसतो.

म्हणून खरेदीआधी तीन पुस्तिका काढा: सायकलची, जोडणीच्या भागाची आणि ट्रेलरची. तिन्हींत वजनाची मर्यादा दिलेली असते. त्यातली सगळ्यात कमी असेल ती तुमची. सायकलच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची परवानगी आहे की नाही हेही बघा. कार्बनच्या फ्रेमला बऱ्याचदा ती नसते. 'एकूण अनुज्ञेय वजन' या आकड्यात ट्रेलर धरलाय की वेगळा, हे कंपनीगणिक बदलतं. तेवढं एक वाक्य शोधून वाचा. पुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर ती मिळते.

तुमच्या सायकलची मर्यादा ब्रेकविना ४० असेल तर माझा सल्ला सरळ आहे: स्वतःचा ब्रेक असलेला ट्रेलर घ्या. त्याची रचना सोपी असते. तुम्ही सायकलचा ब्रेक दाबता, सायकल मंदावते, ट्रेलर मात्र मागून पुढे रेटू लागतो. त्या रेट्याने त्याची दांडी थोडी आत दबते, आणि दांडी दबली की ट्रेलरच्या चाकांचे ब्रेक आपोआप लागतात. रेटा जेवढा जास्त, तेवढा ब्रेक घट्ट. हा प्रकार महाग आहे आणि वजनात दोन-तीन किलोंची भर घालतो, तरी ३४ किलोच्या कुत्रीसाठी मी तोच घेईन. एक लक्षात ठेवा, हा ट्रेलर मागे ढकलताना दांडी दबून ब्रेक लागू शकतो. काहींमध्ये तो तेवढ्यापुरता अडकवून ठेवायची कळ असते, ती दुकानातच हाताळून बघा.

ब्रेकचं एवढं का, ते आकड्यांत सांगतो. तुम्ही ७५ किलोचे, सायकल २५ ची, मागे ५०. झाले दीडशे किलो. ताशी २५ किलोमीटर वेगात ही सगळी वरात थांबवायला ब्रेकांना ट्रेलर नसतानाच्या दीडपट ऊर्जा जिरवावी लागते. पण वेग २५ वरून १५ वर आणलात तर तीच ऊर्जा जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते. वजन आपण कमी करू शकत नाही, वेग करू शकतो. मी शेरूला घेऊन सपाटीवर १५ ते १८ च्या वर जात नाही आणि उतारावर १२ च्या. गीझिंगचा चढ तुम्हाला माहीत असेलच, गीझिंगर बेर्ग. तिथून खाली येताना मी वरच थांबतो, दोन्ही ब्रेक एकदा दाबून बघतो आणि पहिल्या मीटरपासून वेग धरून ठेवतो. आधी सुटू द्यायचं आणि मग आवळायचं, हे ट्रेलर मागे असताना चालत नाही.

वळणावर ब्रेक मारणं तर त्याहून वाईट. जोडणी सायकलच्या डाव्या बाजूला, मागच्या एक्सलशी असते. म्हणजे ट्रेलर मधोमध रेटत नाही, एका बाजूने रेटतो. सरळ रस्त्यावर ते जाणवत नाही. वळणात, ओल्या पानांवर किंवा खडीवर मागचा ब्रेक दाबलात की तो रेटा मागचं चाक आडवं सरकवू शकतो. वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात ब्रेक सोडून हलकं पेडल मारत बाहेर पडायचं. ब्रेक पॅड अर्धे झिजले असतील तर ट्रेलर जोडण्याआधीच बदला. नवे पॅड बसवल्यावर रिकाम्या सायकलीने मध्यम वेगातून वीस-पंचवीस वेळा ब्रेक मारून ते डिस्कवर बसवून घ्या. त्याआधी ते पुरते धरत नाहीत.

आता एक्सल. वर्कशॉपमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. जोडणीचा पत्रा एक्सलच्या टोकाला, फ्रेमच्या बाहेरून बसतो. त्या पत्र्याची जाडी एक्सलच्या लांबीतून खाल्ली जाते. तुमची सायकल अलीकडची असेल तर मागे १२ मिलिमीटरचा थ्रू-एक्सल, म्हणजे चाकातून आरपार जाऊन फ्रेममध्येच आवळला जाणारा दांडा असणार. मूळ एक्सलवर पत्रा चढवून तो तसाच आवळला तर दुसऱ्या टोकाला आटे पूर्ण धरत नाहीत. त्यासाठी ट्रेलरचा खास लांब एक्सल मिळतो. पण '१२ मिलिमीटरचा द्या' एवढं सांगून भागत नाही. आट्यांमधलं अंतर तीन प्रकारचं असतं: १.०, १.५ आणि १.७५ मिलिमीटर. चुकीच्या आट्यांचा एक्सल हाताने एक-दोन फेरे आत जातोसुद्धा, आणि मग पाना लावून जोर दिला की फ्रेममधले आटे कापले जातात. तुमचा मूळ एक्सल बाहेर काढा. त्यावर बारीक अक्षरांत व्यास, लांबी आणि अंतर बहुतेक वेळा कोरलेलं असतं. फोटो काढा आणि दुकानात तो दाखवा. नवा एक्सल बोटांनीच शेवटपर्यंत सहज फिरला पाहिजे. शेवटची आवळणी टॉर्क पान्याने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), एक्सलवर लिहिलेल्या आकड्याइतकीच.

जोडणी बसली की रिकामा ट्रेलर लावून सायकल जागेवरच डावीकडे-उजवीकडे पूर्ण वळवून बघा. मागचा डिस्क ब्रेकही डाव्याच बाजूला असतो, त्यामुळे दांडी कॅलिपरला (डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग) किंवा मडगार्डच्या तारेला घासू शकते. स्टँड जर मागच्या चाकाजवळ डावीकडे असेल तर तो हमखास आडवा येतो. मग मधला दोन पायांचा स्टँड लावून घ्यावा. मागच्या चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, मोटर असलेल्या सायकली ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी कंपनीची लेखी परवानगी असल्याशिवाय तिथे पत्रा बसवू नये. त्या एक्सलचे नट मोटरचा सगळा पीळ सहन करत असतात. तुमची मिड-मोटर आहे, तेव्हा हा प्रश्न तुम्हाला नाही. आणि जोडणीसोबत येणारा सुरक्षा पट्टा फ्रेमच्या नळीभोवती दर वेळी बांधायचाच, जवळ जायचं असलं तरी.

दांडीवरचा भार ही गोष्ट फार कमी लोक मोजतात. बैलगाडीत माल मागे भरला की गाडी उलार होते, धुरा वर उचलल्या जातात. ट्रेलरचंही तसंच आहे. जिनी मागे सरकून बसली की दांडी सायकलचं मागचं चाक वर उचलू बघते, चाकाची पकड कमी होते आणि ट्रेलर डुलायला लागतो. उलट ती अगदी पुढे रेलली तर जोडणीवर गरजेपेक्षा जास्त ओझं येतं. बहुतेक ट्रेलरांना जोडणीपाशी खाली दाबणारा काही किलोंचा भार लागतो, साधारण ३ ते ८. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. मोजायला भारतात जाताना बॅग तोलायचा हातकाटा पुरतो: जिनीला आत निजवा, दांडीचं टोक जोडणीच्या उंचीवर काट्याला अडकवा आणि वाचा. चाकांच्या एक्सलपासून जोडणीपर्यंत ९० सेंटिमीटर अंतर असेल आणि ३४ किलोची कुत्री फक्त १५ सेंटिमीटर मागे सरकली, तर दांडीवरचा भार साडेपाच किलोंनी घटतो. म्हणजे सहा किलोंचा भार नाहीसाच होतो. म्हणून तिची जागा ठरवून द्यावी लागते. मी शेरूच्या मागे घट्ट गुंडाळलेलं जाड पांघरूण ठेवतो, त्यामुळे तो मागे सरकत नाही.

ट्रेलर कोणता, तर आधी मर्यादा बघा. बर्ली कंपनीचा टेल वॅगन खूप लोक घेतात, चांगला आहे, पण त्याच्या आतल्या ओझ्याची मर्यादाच ३४ किलो आहे. जिनीने एकटीनेच ती भरली. गादी-पाण्यालाही जागा उरत नाही. तुम्ही ४५ किलोच्या वर्गातला बघा. आतली लांबी तिच्या निजण्यावरून ठरवा: ती कुशीवर पाय अर्धवट पसरून झोपली असताना नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मोजा. संधिवात असलेल्या कुत्रीला वेटोळं करून बसायला लावू नका. मुलांच्या जुन्या ट्रेलरला कुत्र्याचा ट्रेलर बनवायची कल्पना स्वस्त वाटते, पण त्याचा तळ बहुधा ताणलेल्या कापडाचा असतो आणि पुढे पायांसाठी खड्डा. एवढं वजन आणि नखं त्याला पेलत नाहीत. तळ सपाट आणि कडक हवा, त्यावर चार-पाच सेंटिमीटर जाडीचा फोम आणि वर न घसरणारं कापड. तिच्या खुब्यासाठी स्प्रिंग किंवा रबराचं सस्पेन्शन घ्याच. टायरमध्ये हवा बाजूला छापलेल्या किमान आकड्याच्या थोडी वर ठेवा. कडक हवेच्या टायरवर खडीचा प्रत्येक गचका तिच्या कंबरेपर्यंत जातो.

मागच्या बाजूने चढायचा ट्रेलर असेल तर एक धोका आहे. सायकलीला न जोडता तिला चढवलंत तर तिचे पुढचे पाय पडताच ट्रेलर मागे कलंडतो. एकदा असं झालं की कित्येक कुत्री पुन्हा त्यात पाऊल टाकत नाहीत. ट्रेलर जोडलेला हवा, त्याचा पार्किंग ब्रेक लावलेला हवा आणि सायकल कुणीतरी धरलेली हवी. उंची जास्त वाटली तर छोटी फळी लावा, उडी मारायला लावू नका.

शिकवण्याचा भाग मी घाईने सांगणार नाही, कारण सगळं सामान बिनचूक असूनही इथेच सगळं बिघडतं. ट्रेलर आणल्यावर त्याची चाकं काढून तो दिवाणखान्यात ठेवा. झाकण उघडं. तिची जुनी चादर आत टाका, जेवणाचं ताट दाराशी, मग उंबऱ्यावर, मग आत. तिला उचलून आत ठेवू नका. ती स्वतःहून आत जाऊन झोपायला लागली की चाकं लावा. चाकांवरचा ट्रेलर हलतो, तेव्हा पुन्हा पहिल्यापासून: आत, खाऊ, बाहेर. मग एक जण हाताने अंगणात ढकलेल आणि दुसरा तिच्या तोंडासमोर चालेल. 'बस', 'झोप' यांपैकी एक शब्द ट्रेलरसाठी ठरवून टाका आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरा. लॅब्राडोर खाण्यासाठी बरंच काही शिकते, पण घाबरलेली लॅब्राडोर खाऊसुद्धा घेत नाही. तिने आवडता तुकडा तोंडात घेतला नाही, तर त्या दिवशी तिथेच थांबा.

याच काळात तुम्ही स्वतः शिकायचं आहे, तिच्याशिवाय. इंडियन दुकानातून आणलेली बासमतीची दहा-दहा किलोंची तीन पोती आत बांधून ठेवा आणि मोकळ्या पार्किंगमध्ये वळणं, थांबणं, चढावर सुटणं यांचा सराव करा. ट्रेलर सायकलपेक्षा रुंद असतो आणि वळणात आतल्या बाजूने कापत जातो. फुटपाथच्या कडेवर एक चाक चढलं की उंच वजनाचा ट्रेलर कलंडतो, आणि उभा राहिलेला कुत्रा म्हणजे उंच वजनच. तांदूळ उभा राहत नाही, म्हणून तांदळासोबत जमलं तरी जिनीसोबत त्याच वळणावर निम्म्या वेगानेच जा. खांबांच्या मधून जाताना थांबून नजरेने माप घ्या. काही ठिकाणी वाट अडवायला आडवे दांडे एकाआड एक लावलेले असतात, त्यांतून ट्रेलर वळतच नाही. वाट आधी एकट्याने पाहून ठेवा.

सुटताना मोटर सगळ्यात खालच्या मदतीवर, गिअर हलका, पेडल सावकाश. बॉशच्या टर्बोसारख्या वरच्या मोडमध्ये पहिल्याच पेडलला हिसका बसतो आणि आतला कुत्रा मागे आपटतो. थांबायच्या आधीच गिअर हलका करून ठेवायची सवय लावा. चढावर पेडल भराभर फिरतील असा गिअर ठेवा. जड गिअरमध्ये हळूहळू रेटलं की मोटर तापून मदत कमी करते आणि चेनही लवकर झिजते. फारच खडा तुकडा आला तर उतरा आणि ढकलायचा मोड वापरा. त्यात सायकल चालण्याच्या वेगाने स्वतः चढते.

बॅटरीचा अंदाज असा. सपाटीवर माझ्या हिशेबाने ट्रेलरसह साधारण दीडपट खर्च होतो. मागच्या ५० किलोंना १०० मीटर उंच चढवायला सुमारे १४ वॉट-तास लागतात. मोटरमधली गळती धरली तर १८. तुमच्या बॅटरीचे साडेतीन टक्के. इझारच्या काठाकाठाने फिरण्यासाठी ५०० वॉट-तास भरपूर आहेत.

जिनीला आत बांधायचं ते छातीच्या हार्नेसला. गळपट्ट्याला कधीही नाही, हिसक्यात मान अडकते. पट्टा एवढाच लांब की ती बसू शकेल, कूस बदलू शकेल, पण पुढच्या कडेवरून बाहेर झेपावू शकणार नाही. इझारवर बदकं आहेत आणि ती लॅब्राडोर आहे. चालताना पुढची जाळी बंद ठेवा, मागच्या चाकाने उडवलेली खडी थेट तिच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. मडगार्डला खाली रबराची झालर लावली तर चिखलही कमी उडतो.

उन्हाचं मात्र जपा. तुम्हाला सायकलवर वारा लागतो, तिला लागत नाही. ती तुमच्या आडोशाला, तापलेल्या डांबरापासून वीतभर उंचीवर असते. पावसाचं प्लॅस्टिक उन्हात लावलं तर आत भट्टी होते. जुलै-ऑगस्टमध्ये सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावरच जा, दर वीस-पंचवीस मिनिटांनी पाणी द्या. खूप धाप, चिकट लाळ, हिरड्या गडद लाल दिसल्या तर तिथेच सावलीत थांबा, थंड पाण्याने अंग भिजवा आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

कायद्याचं थोडक्यात. २५ च्या वेगापर्यंत मदत करणारी तुमची ई-बाईक इथे सायकलच धरली जाते, तिला ट्रेलर चालतो. २०१८ पासून बाजारात आलेल्या ६० सेंटिमीटरपेक्षा रुंद ट्रेलरला पुढे पांढरे आणि मागे लाल रिफ्लेक्टर, शिवाय डाव्या बाजूला लाल दिवा लागतो. झेंड्याची काठी लावा, गाडीतल्या माणसाला बुटका ट्रेलर दिसत नाही. ४५ च्या वेगाची ई-बाईक हे नंबरप्लेटचं वेगळं वाहन आहे, तिच्यामागे कुत्र्याचा विचार नको.

पहिल्या फेरीसाठी मी पेर्लाखर फॉर्स्ट निवडीन: सरळ, सपाट जंगलवाटा आणि गाड्या नाहीत. इझारकाठी फ्लाउखरच्या बाजूला सुट्टीच्या दुपारी गर्दी फार असते, तिकडे नंतर. दहा-पंधरा मिनिटं चालवा, मग तिला उतरवून मऊ मातीवर स्वतःच्या पायांनी फिरू द्या, पुन्हा बसवा. नुसतं बसून तिचे सांधे आखडतील. किती चालायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारून ठरवा, आणि सायकलशेजारी पळवणं या वयात बंदच.

एक्सलवर कोरलेले आकडे आणि सायकलच्या पुस्तिकेतली ट्रेलरची मर्यादा, या दोन गोष्टींचे फोटो पाठवा. कोणती जोडणी आणि कोणत्या लांबीचा एक्सल बसेल ते त्यावरून सांगतो. तोवर ट्रेलरचे पैसे भरू नका.